मुलीची एफडी सुकन्या खात्यात कशी हलवायची? खातं आधी, पैसे मागून



आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता कागदोपत्री अहिल्यानगर) व्यावसायिकांकडून एक प्रश्न हमखास येतो. किराणावाले असोत, दूध डेअरीवाले असोत की टेलरिंगचं दुकान चालवणाऱ्या ताई, प्रश्न साधारण एकच: “सर, मुलीच्या नावावर पतसंस्थेत ठेव आहे. ती मोडून सुकन्या समृद्धीत टाकू का? तिकडे टॅक्स लागत नाही म्हणतात.”

व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलं होतं. पण यात तारखा आणि आकडे बरेच आहेत, ते बोलण्याच्या ओघात निसटतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. घाईत असाल तर निदान एवढं लक्षात ठेवा: मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडा, भले २५० रुपयांनी. ठेवीचे पैसे नंतर सावकाश हलवता येतात. लोक नेमकं उलटं करतात. “ठेव पिकली की उघडू” म्हणतात, ठेव पिकेपर्यंत पोरीला दहावं वर्ष पूर्ण होतं, आणि मग पोस्टातला माणूस नियमावर बोट ठेवतो.

पैसा पतसंस्थेत का असतो

यात पालकांची काही चूक नाही. पतसंस्था गावात असते, क्लार्क ओळखीचा असतो, पिग्मीवाला रोज दुकानात येतो. दुधाचं पेमेंट किंवा उसाचं बिल आलं की त्यातले दहा-वीस हजार लेकीच्या नावावर टाकायचे, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली सवय आहे. व्याजही बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त मिळतं.

प्रश्न असतो सुरक्षिततेचा. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ ला रद्द केला, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. ती बँक होती, त्यामुळे ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच तरी होतं. पतसंस्था ही बँक नाही. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे आणि त्या ५ लाखांच्या विम्यात ती येत नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, उत्तम चालणाऱ्या संस्था आपल्या जिल्ह्यात आहेत. पण संस्था चांगली आहे की नाही, हे वार्षिक सभेच्या अहवालात बघावं लागतं: ऑडिट वर्ग काय मिळाला, थकबाकी किती, ठेवींच्या मानाने कर्जवाटप किती. आपण अहवाल घेतो, चहा-नाष्टा करतो आणि अहवाल गाडीच्या डिक्कीत टाकतो.

सुकन्या समृद्धी केंद्र सरकारची योजना आहे, २२ जानेवारी २०१५ ला सुरू झालेली. खातं पोस्टात उघडतं, किंवा नेमून दिलेल्या बँकांत म्हणजे स्टेट बँक, बँक ऑफ महाराष्ट्र वगैरे. सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत ते उघडत नाही. तिथे ‘कन्या’ किंवा ‘लक्ष्मी’ अशा नावाची ठेव योजना असेल तर ती त्या संस्थेची स्वतःची योजना आहे. सरकारची हमी तिला नाही आणि करमाफीही नाही.

करमुक्त आहे, पण तुम्हाला त्याचा उपयोग किती?

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण ‘टॅक्स फ्री’ ऐकलं की आपण पुढचं ऐकतच नाही.

लहान मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज मुलाचं धरलं जात नाही. आई किंवा वडील, ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात ते मिळवलं जातं. जुन्या करप्रणालीत एका मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या प्रणालीत तीही नाही. म्हणजे चार लाखांची ठेव ९ टक्क्यांनी असेल, तर वर्षाचं ३६,००० रुपये व्याज तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं. “ठेव पोरीच्या नावावर आहे, माझा काय संबंध?” हे चालत नाही.

आता समजा तुमचं सगळं मिळून करपात्र उत्पन्न सात-आठ लाख आहे आणि तुम्ही नव्या प्रणालीत आहात. २०२५-२६ पासून तिथे १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. मग ३६,००० मिळवूनही कर काही लागत नाही. अशा माणसाला ९ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर येणं म्हणजे व्याजात थोडं नुकसानच आहे. त्याने सुकन्येत जावं ते सरकारी हमीसाठी आणि पैशाला कुलूप लागावं म्हणून. करासाठी जायचं त्याला कारण नाही.

उलट, जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचं गणित वेगळं. उपकर धरून त्याचा कर ३१.२ टक्के पडतो. त्याच्या हातात ९ टक्क्यांतले ६.२ टक्केच उरतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर सुमारे ७.१ टक्के. सुकन्येचे ८.२ टक्के मात्र जसेच्या तसे मिळतात, कारण व्याजही करमुक्त आणि मुदतीनंतरची रक्कमही करमुक्त. नवी प्रणाली निवडली तरी ही करमुक्ती जात नाही. जाते ती फक्त पैसे भरताना मिळणारी ८० सी ची वजावट.

आणि ८.२ हा काही कायमचा दर नाही. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करतं. २०१५-१६ मध्ये ९.२ टक्के होता, एप्रिल २०२० पासून तीन वर्षं ७.६ होता, जानेवारी २०२४ पासून ८.२ आहे. एफडीसारखा तो पावतीवर छापून गोठत नाही. पैसे भरण्याआधी चालू दर बघून घ्या.

आता प्रत्यक्ष हलवायचं कसं

उदाहरण घेऊ. राहुरीकडचं एक दुकानदार कुटुंब समजा. मुलीच्या नावावर पतसंस्थेत ठेव आहे, मुदत संपताना चार लाख मिळणार आहेत. ठेव पिकते ८ फेब्रुवारीला. मुलगी दहा वर्षांची होते २० जानेवारीला. बघा, एकोणीस दिवसांचा फरक, आणि तेवढ्यात दार बंद.

म्हणून डिसेंबरातच पोस्टात जायचं. मुलीचा जन्मदाखला, पालकाचं आधार आणि पॅन, फोटो, आणि २५० रुपये. खातं सुरू. ठेव आहे तिथेच राहू द्या. मुदतीआधी मोडली तर बहुतेक संस्था व्याजाचा दर कापतात, आणि दोन महिन्यांसाठी तो फटका कशाला? (संस्थेबद्दलच शंका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा व्याज बघत बसू नका.)

फेब्रुवारीत ठेव पिकली. रक्कम रोख मागू नका. २० हजार किंवा त्याहून मोठी ठेव संस्थेला रोखीने परत देताच येत नाही, चेकने किंवा खात्यात द्यावी लागते. आता माझा धंदेवाल्यांना खास आग्रह: हा चेक दुकानाच्या करंट किंवा कॅश क्रेडिट खात्यात भरू नका. सीसी खात्यात पैसे गेले की लिमिट तेवढं मोकळं होतं, होलसेलवाल्याचा फोन येतो, आणि लेकीचे चार लाख साखर-तेलाच्या पोत्या-डब्यांत जाऊन बसतात. नंतर काढून ठेवू म्हणतो आपण. सीझन कधी संपतो का? आई किंवा वडिलांच्या घरगुती बचत खात्यात घ्या आणि तिथून सुकन्येत भरा. उद्या रिटर्न भरताना सीए विचारेल की ही रक्कम कुठून आली, तेव्हा ठेव पावती, बचत खातं, सुकन्या पासबुक अशी सरळ साखळी दाखवता येते. दुकानाच्या वह्यांचा त्यात संबंध येत नाही.

मग भरायचं किती? एका आर्थिक वर्षात एका मुलीच्या सुकन्या खात्यात जास्तीत जास्त दीड लाख. त्याच्या वर भरलं तर त्या जादा रकमेवर व्याज नाही, ती परत केली जाते. डिसेंबरात २५० भरलेत, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये १,४९,७५० भरायचे. नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, तेव्हा पुढचे दीड लाख. म्हणजे दोन महिन्यांच्या आत तीन लाख सुकन्येत. म्हणून ठेव जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकत असेल तर हलवायला सगळ्यात सोयीची.

तारीख ५ पाळा. महिन्याचं व्याज ५ तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर मोजतात. एप्रिलचे दीड लाख ५ तारखेच्या आत खात्यात जमा असतील तर एप्रिलचं व्याज मिळतं, ६ तारखेला गेले तर एक महिना वाया. ८.२ टक्क्यांनी दीड लाखांवर ते १,०२५ रुपये होतात. चेक वटायला वेळ लागतो, तो धरून चाला.

पोस्टाचं खातं असेल तर रांगेत उभं राहायचीही गरज नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपवरून सुकन्येत पैसे भरता येतात. शेवगाव-पाथर्डीकडच्या मंडळींना तालुक्याला चक्कर मारायचा त्रास वाचतो.

महिला सन्मान बचत प्रमाणपत्र आठवतंय? एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ मध्ये मिळत होतं, लहान मुलीच्या नावानेही काढता येत होतं. ७.५ टक्के, दोन वर्षं मुदत, पण व्याज करपात्र. ते पैसेही मुदत संपली की याच पद्धतीने हलवता येतील, फक्त सुकन्या खातं आधी उघडलेलं पाहिजे. ‘लेक लाडकी’चे हप्ते मिळणाऱ्या घरांनाही हेच सांगेन. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, जन्मावेळी ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार आणि अकरावीत ८ हजार मिळतात. सुकन्येत वर्षाला २५० भरूनही खातं जिवंत राहतं, तर पहिला ५ हजारांचा हप्ता तिकडे जायला काय हरकत आहे?

चौथा लाख कुठे?

उदाहरणातला एक लाख उरला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत थांबवून सुकन्येत टाकता येईल. पण माझं मत, टाकू नका.

कारण सुकन्येत गेलेला पैसा लवकर बाहेर येत नाही. पुष्कळ जणांना वाटतं मुलगी २१ ची झाली की पैसे मिळतात. तसं नाही. खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत संपते. आपल्या उदाहरणातल्या मुलीचं खातं नऊ वर्षं अकरा महिन्यांची असताना उघडलं, म्हणजे मुदत संपेल तेव्हा ती तिशी ओलांडलेली असेल. पैसे भरायचे मात्र पहिली १५ वर्षंच, नंतरची सहा वर्षं नुसतं व्याज वाढतं. मध्ये दोन दारं आहेत. मुलगी दहावी पास झाली किंवा १८ वर्षांची झाली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. तीही आधीच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्मी, आणि कॉलेजच्या फीचा कागद दाखवून, फी असेल तेवढीच. दुसरं दार लग्नाचं. १८ पूर्ण झाल्यावर लग्न ठरलं तर लग्नाआधी एक महिना ते लग्नानंतर तीन महिने या काळात खातं बंद करून सगळे पैसे घेता येतात.

एप्रिलपर्यंत तीन लाख भरले आणि नंतर वर्षाला फक्त किमान रक्कम टाकत राहिले, दर ८.२ च राहिला, तर सहा वर्षांनी, म्हणजे साधारण दहावीच्या सुमारास, सुमारे ४ लाख ८० हजार होतात. त्यातले २ लाख ४० हजार शिक्षणासाठी मिळू शकतात. डिप्लोमाला किंवा साध्या डिग्रीला ठीक आहे. पण आठवी-नववीत क्लास लावायचा असेल, किंवा अकरावीला पोरगी लातूर-पुण्याला पाठवायची असेल तर होस्टेल, मेस आणि क्लासची फी या दारातून निघेलच असं नाही. तो चौथा लाख म्हणूनच बाहेर, पोस्टाच्या टाइम डिपॉझिटमध्ये किंवा चांगल्या बँकेत. व्याज थोडं कमी आणि करपात्र, चालेल.

सुकन्येवर कर्जही मिळत नाही. ठेव तारण कर्जाची सवय असलेल्या दुकानदाराला हे खटकतं. मला मात्र हाच या खात्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

मुलगा असेल तर

सुकन्या फक्त मुलींसाठी, एका कुटुंबात दोन मुलींपर्यंत (जुळ्या-तिळ्यांना सवलत आहे). मुलासाठी पीपीएफ. दर ७.१ टक्के, मुदत १५ वर्षं, व्याज करमुक्त. पण एक अडचण: दीड लाखाची मर्यादा तुमचं स्वतःचं पीपीएफ आणि मुलाचं पीपीएफ मिळून आहे. तुम्ही तुमच्यात दीड लाख भरत असाल तर मुलाच्या खात्यात त्या वर्षी जागाच नाही. आणि एका मुलाच्या नावावर आईने एक, वडिलांनी एक अशी दोन पीपीएफ खाती काढू नका. पीपीएफला वयाची अट नाही, त्यामुळे मुलगी दहाची होऊन गेली असेल तर तिच्यासाठीही हाच रस्ता.

आजोबांनी उघडलेलं खातं, आणि पोस्टातून बँकेत

शेवटचा विषय, पण कदाचित तुमच्या घरात हाच लागू होईल. नातीच्या प्रेमापोटी आजोबांनी किंवा आजीने पालक म्हणून सही करून सुकन्या खातं उघडलेलं असतं. नियमाने ते आई-वडील किंवा कायदेशीर पालकानेच उघडायचं असतं. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये अशा खात्यांबद्दल सूचना काढल्या, १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या लागू झाल्या. खातं बंद करायची गरज नाही, पालकत्व आजोबांकडून आई किंवा वडिलांच्या नावावर करून घ्यायचं. मूळ पासबुक, मुलीचा जन्मदाखला, नात्याचा पुरावा, जुन्या आणि नव्या दोन्ही पालकांची ओळखपत्रं घेऊन अर्ज करायचा. शक्य असेल तर आजोबांना घेऊन जा, त्यांच्या सहीवरून फेऱ्या पडत नाहीत. कुटुंबात दोनापेक्षा जास्त खाती उघडली गेली असतील तर जादाचं खातं मात्र बंद होतं. अजून हे केलं नसेल तर फी भरायच्या वेळेपर्यंत थांबू नका.

सुकन्या किंवा पीपीएफ पोस्टातून बँकेत, किंवा बँकेतून पोस्टात न्यायचं असेल तर ते ‘ट्रान्सफर’ने जातं. पैसे तुमच्या हातात येत नाहीत. जिथे खातं आहे तिथे ट्रान्सफरचा अर्ज, पासबुक आणि केवायसीची कागदं द्यायची, नव्या शाखेचा पूर्ण पत्ता लिहायचा. पोस्ट तुमच्या खात्याची कागदपत्रं आणि शिलकीचा चेक किंवा डीडी त्या शाखेला पाठवतं. फी शंभर रुपये आणि वर जीएसटी. कोणी काउंटरवर म्हणालं की “हे बंद करा आणि आमच्याकडे नवीन उघडा”, तर ऐकू नका. मुलगी दहाच्या पुढे असेल तर नवीन उघडणारच नाही, आणि आत असली तरी २१ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ट्रान्सफरला टाकू नका, तेव्हा सगळीकडे वर्षअखेरीची गर्दी असते. एप्रिलमध्ये मागच्या वर्षाचं व्याज जमा झालेलं पासबुकात उमटवून घ्या, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, मग अर्ज द्या. कागद वाटेत असताना नवीन भरणा करू नका. जुन्या खात्याला दर महिन्याची ऑटो कपात लावलेली असेल तर ती थांबवून नव्या ठिकाणी पुन्हा लावावी लागेल. हे विसरलं आणि वर्षभरात २५० सुद्धा भरले गेले नाहीत तर खातं थकीत होतं, मग दर वर्षामागे ५० रुपये दंड आणि किमान रक्कम भरून चालू करावं लागतं.

नवं पासबुक हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी तीन नोंदी जुन्या फोटोशी ताडून बघा: खातं उघडल्याची मूळ तारीख, आलेली शिल्लक, आणि चालू वर्षात आधी भरलेली रक्कम. मूळ तारखेच्या जागी ट्रान्सफरची तारीख पडली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, कारण १५ आणि २१ वर्षं त्याच तारखेपासून मोजतात. आणि तुमच्या मुलीचं दहावं वर्ष याच वर्षी पूर्ण होत असेल, तर बाकीचं सगळं नंतर. आधी जन्मदाखला शोधा.